पागेची हजेरी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पाच कपाटं होती. चार कपाटांना खडूचा आणि जुन्या उत्तरपत्रिकांचा वास येई. पाचव्याला एरंडेलाचा, कमावलेल्या कातड्याचा आणि चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास होता. ते इतिहासाच्या बाईंचं कपाट. अमरावतीतल्या त्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचं दार उघडं राहिलं होतं. आत खिळ्यांना ओळीनं लोखंडी कड्या, चामडी पट्टे, साखळ्या टांगलेल्या. मला वाटलं, शाळेची शिस्त फार कडक असावी.

कपाटाच्या दाराआडून बाई बाहेर आल्या. उंच, रुंद मनगटांच्या, निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेल्या. नव्या माणसाला आपण चेहऱ्यापासून पाहतो. त्यांनी मला चपलांपासून पाहायला सुरुवात केली.

"डावी टाच जास्त घासली हाये तुही. कावून वं? लहानपनी पडली होती काय?"

पडले होते. सातव्या वर्षी, अकोल्याच्या घराच्या जिन्यावरून. हे माझ्या आईखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

"चालन," त्या म्हणाल्या. "नजर बिचकत नाई. केस दाट हायेत. समंद."

"म्हणजे?"

"रंग. पिकल्या गव्हाच्या अंगाचा घोडा असते, काळ्या आयाळीचा. उन्हात टिकते. फक्त त्याले कोनी काई बी सांगतलं तं ऐकून घेते, हा एक अवगुन."

कविता घेऊन मराठीत एम.ए. करून आलेल्या मला कोणी अशी उपमा दिली नव्हती. हा मान होता की निकाल, ते मला पुढे बरेच दिवस कळलं नाही.

बाईंच्या लेखी साऱ्या शाळेला घोड्यांचे रंग होते. हे रंग कातडीवरून ठरत नसत, चालीवरून आणि वागण्यावरून ठरत. न कुरकुरता काम ओढणारी मुलगी कुम्मैत, म्हणजे गडद तांबडी. हट्टी ती मुश्की, काळीभोर. आज एक आणि उद्या दुसरं बोलणारी अबलख, म्हणजे दोन रंगांची. मुख्याध्यापकांना त्या पंचकल्याणी म्हणत. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात. तो शुभ मानला जातो. आमचे सर पांढरे मोजे घालत, शर्टाच्या पांढऱ्या कफांची बटणं उन्हाळ्यातही लावत आणि कपाळावर भस्माचा पट्टा ओढत. दोन मोजे, दोन कफ, एक कपाळ. हिशेब बरोबर बसत होता. सरांना वाटे, बाई आपला आदर करतात. आणि गंमत अशी की ते खरंही होतं.

बाईंचे वडील फौजेत नालबंद होते. घोडदळाच्या घोड्यांना नाल ठोकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर अकोल्यात टांग्यांच्या घोड्यांना नाल ठोकण्यात उतारवय. तापलेला नाल खुरावर टेकला की उठणाऱ्या धुराचा वास बाईंना देवघरातल्या उदापेक्षा जवळचा होता. केस जळाल्यासारखा, उग्र, पण त्याच्या तळाशी काहीतरी गोड असतं, असं त्या सांगत. असा वास मी कधी घेतला नाही. बाईंच्या तोंडून ऐकल्यामुळे तो मला ओळखीचा मात्र वाटतो.

कपाटातली एकेक वस्तू त्यांनी कशी मिळवली, याची गोष्ट असे आणि प्रत्येक गोष्टीत कोणाचं तरी नुकसान झालेलं असे, बहुधा बाईंचंच. कौंडण्यपूरच्या जत्रेत एका चहावाल्यानं रद्दी उडू नये म्हणून एक जड लोखंडी वस्तू वर ठेवली होती. ती घोडेस्वाराची रिकीब होती, पाय ठेवायची. बाईंनी ती पाहिली, आपला चार पुडांचा स्टीलचा डबा भाजीपोळीसकट त्याच्या पुढ्यात ठेवला आणि रिकीब उचलून चालू लागल्या. चहावाला डबा घेऊन मागे धावला. त्याला वाटलं, बाई डबा विसरल्या.

ती रिकीब त्यांनी एकदा माझ्या हातात दिली. थंड, जड, कडेला गंजाची बारीक पुरळ. तळाचं लोखंड एकाच बाजूनं झिजलेलं होतं.

"बोट फिरव. काय समजते?"

"झिजली आहे."

"कविता शिकली नं तू? मंग? अवं, हा मानूस एका पायावर जोर देऊन उठे. उठे कावून? भाला माराले. दरखेपी तोच पाय. लोखंड झिजेपर्यंत तो उठत राह्यला." त्यांनी ती परत घेतली, पदरानं पुसली. "आता याचं नाव कोनत्या पुस्तकात हाये, दाखव."

माझ्या तळहाताची ऊब घेऊन ती रिकीब कपाटात परत गेली. त्या दिवशी मी सहावीला एक कविता शिकवली, आणि मुलींना पहिल्यांदाच विचारलं, हा शब्द कुठल्या बाजूनं झिजला आहे?

डबा गेल्यापासून बाई जेवण तोबऱ्यात आणत. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. ही जाड कॅनव्हासची होती, फौजेतली, वडिलांची. त्यात भाकर, ठेचा आणि भिजवलेले हरभरे. मधल्या सुट्टीत त्या ती पिशवी गळ्यात अडकवून व्हरांड्यात उभ्या राहत आणि हरभरे खात खात मैदानावर नजर ठेवत. नवीन आलेल्या पालकांची त्या दृश्याशी गाठ पडली की मुख्याध्यापक घाईनं सांगत, "त्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षिका."

एका शब्दावर त्यांचा राग होता. निकृष्ट भर घातलेल्या मजकुराला आपण सर्रास खोगीरभरती म्हणतो. मी एकदा एका निबंधाविषयी तसं बोलून गेले. बाईंनी पाचवं कपाट उघडलं, एक फाटकं खोगीर माझ्या मांडीवर टाकलं आणि त्याच्या उसवलेल्या शिवणीत माझा हात कोपरापर्यंत खुपसला. आत लोकर होती, दाबून बसलेली, कोमट, थोडी तेलकट. कोणा मेंढीच्या पावसाळी अंगाचा वास अजून तिच्यात होता.

"याले म्हनतात भरती. एक मूठ कमी पडली तं घोड्याची पाठ सोलते. एक मूठ जास्ती झाली तं स्वार कलंडते. सारी फौज या भरतीवर बसली होती वं, अन् तुमी मराठीवाले तिले शिवी म्हून वापरता!"

तेव्हापासून मी तो शब्द वापरलेला नाही. वाईट निबंधाला वाईट निबंध म्हणते.

त्यांचे तास मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकत असे. लढाईचा धडा सुरू झाला की बाई पुस्तक मिटत. "कोन जिंकलं ते अथी छापलं हाये. ते वाचाले मी कायले पाह्यजे? मले सांगा, आदल्या दिवशी घोड्यायनं काय खाल्लं?" मग मुली हिशेब करत. एवढे घोडे, एवढी चंदी म्हणजे दाणा, तो वाहायला एवढे बैल, मग त्या बैलांना चारा. फळ्यावर सेनापतीचं नाव कोपऱ्यात जाऊन बसे आणि मधोमध हरभऱ्याचा डोंगर उभा राही. सहामाही परीक्षेत एका मुलीनं 'पराभवाची कारणे लिहा' या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहिलं: 'हरभरा ओला होता, त्यामुळे घोड्यांची पोटे फुगली.' बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिका पुढ्यात धरली. "मॅडम, अभ्यासक्रमात हरभरा नाही."

"तुमच्या अभ्यासक्रमात नसंन सर. घोड्याच्या पोटात होता."

अकोल्यात माझ्या मावसभावाचं लग्न होतं तेव्हा मी बाईंनाही आमंत्रण दिलं. माझ्या मावशीनं त्याबद्दल मला आजतागायत क्षमा केलेली नाही. मे महिन्याची संध्याकाळ, रस्त्याचं डांबर अजून मऊ, बँडवाल्यांच्या लाल कोटांना घामाचा आणि इस्त्रीचा वास. घोडी पांढरी, अंगावर खोट्या मोत्यांची झूल, कपाळावर आरसे. मावसभाऊ अंगानं भारदस्त. वरात चौकात आली आणि बाई बँडच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. वाजंत्री आपोआप थांबली.

त्यांनी घोडीच्या पोटाखालच्या पट्ट्यात बोटं घालून पाहिली. "तंगात दोन बोटं गेली पाह्यजे. अथी नख जाऊन नाई राह्यलं." मग झूल उचलली. पाठीवर तळहाताएवढं सोललेलं होतं. माश्यांनाही ते माहीत होतं.

"उतर, नवरदेव."

"काय?"

"उतर म्हनलं."

मावशी गर्दी दूर सारत आली. "अव बाई, मुहूर्त चालला! तुमी कोन? नवरीकडच्या?"

"घोडीकडची," बाई म्हणाल्या.

मावसभाऊ उतरला. त्याच्यात प्रतिकाराची सवय नव्हती. बाईंनी हळदीच्या वाटीत उरलेली तेलहळद मागवली आणि भर चौकात घोडीच्या पाठीला लावली, इतक्या हलक्या हातानं की घोडीनं डोळे मिटले. मग पुढे मोकळी घोडी, मागे फेटा सावरत पायी नवरदेव, अशी वरात मांडवापर्यंत गेली. नवरीच्या मैत्रिणींनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. नवरीनं नंतर मला सांगितलं की त्या क्षणी तिला धीर आला. जो माणूस घोडीचं ऐकतो, तो आपलंही ऐकेल असं तिला वाटलं. पुढे तसं घडलं नाही, पण तो बाईंचा दोष नव्हे.

बाई सर्वांत रंगत ते घोडदळाच्या हजेरीविषयी सांगताना. सरदारानं जेवढे घोडे बाळगल्याचं सांगितलं, तेवढे खरोखर पागेत आहेत का हे पाहायला वरून माणूस येई. हजेरीच्या दिवशी सरदार काय काय करत, ते बाई डोळे बारीक करून सांगत. व्यापाऱ्याचे घोडे एका दिवसापुरते मागून आणायचे. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीनं घासायचे. एकच घोडा कपाळाला चुन्याचा ठिपका लावून दोनदा फिरवायचा. म्हणून मग प्रत्येक घोड्याचा रंग, उंची, भोवरे वहीत उतरवले गेले आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीवर, तापल्या लोखंडाचा डाग आला. घोडा मेला तर डागाचं कातडं आणून दाखवावं लागे. लबाड्यांचं वर्णन करताना बाईंच्या आवाजात असा रस उतरे की मुलींना त्या सरदारांचा हेवा वाटे. पण शेवटचं वाक्य त्या फळ्यावर डस्टर आपटून म्हणत: "उसना घोडा हजेरीत उभा राहते, लढाईत नाई."

आणि मग आमच्याच शाळेची हजेरी घ्यायला वरून माणूस येणार असल्याचं पत्र आलं.

पटपडताळणी. पटावर जेवढी मुलं लिहिली, तेवढी वर्गात आहेत का, हे पाहायला. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या मुलाच्या बोटाला न निघणारी शाई लावणार होते. ते वाचून बाई स्टाफरूममध्ये अक्षरशः नाचल्या. "डाग! सरकारले अक्कल आली वं! डाग आनला!"

मला नाचता येत नव्हतं. आठवीच्या दोन तुकड्या होत्या आणि माझी नेमणूक दुसऱ्या तुकडीच्या भरवशावर होती. साठाच्या वर एक तरी मुलगी हजर सापडली, तर दुसरी तुकडी राहणार. नाही तर ती बंद आणि शेवटी लागलेली शिक्षिका अतिरिक्त. शेवटी लागलेली मी. पटावर अडुसष्ट मुली होत्या. प्रत्यक्षात पन्नास येत होत्या. दिवाळी नुकतीच झालेली, शिवारात कापूस फुटलेला. उरलेल्या अठरा आयांबरोबर वेचणीला जात होत्या.

मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं. आमच्याच संस्थेची वलगावला शाळा होती. तिची मोजणी आदल्या आठवड्यात व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली होती, म्हणजे तिथल्या मुलींची बोटं अजून कोरी होती. तिथून अठरा मुली एका दिवसापुरत्या येणार. त्यांना अठरा नावं पाठ करून दिली जाणार. "तुमच्यासाठीच करतोय, मॅडम," ते कफ ओढत म्हणाले. "फक्त इतिहासाच्या बाईंना यातलं काही कळता कामा नये. शपथ घ्या." मी घेतली.

दुपारी बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "गैरहजर पोट्ट्यायची यादी दे. गाव, शेत, मायचं नाव, सारं. शेतात जाऊन आनतो एकेकीले. पन पंचकल्यान्याले सांगू नको. तो म्हनंन, वेचणीच्या दिवसात कोन पाठवते, अन् मले जाऊ नाई देनार. शपथ घे." मी तीही घेतली.

दोघांना शब्द दिला आणि दोघांचाही पाळला. इतक्या काटेकोर प्रामाणिकपणातून एवढा घोटाळा क्वचितच निपजला असेल. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, बाईंना एकही मुलगी मिळणार नाही. आणि मिळाली, तर माझी नोकरी दोन बाजूंनी सुरक्षित. समंद घोड्याचा अवगुण बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता.

बाई तीन दिवस शाळा सुटल्यावर मोपेडवरून शिवारं फिरल्या. आया म्हणाल्या, पोट्टी शाळेत गेली तर तिची ओळ कोण वेचेल? बाईंनी प्रत्येकीला शब्द दिला, एका रविवारी मी येऊन वेचते. दहा आया कबूल झाल्या. (पुढचे दहा रविवार बाईंनी कापूस वेचला. सहा रविवार मीही होते. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात आणि तरी हात त्या मऊपणाकडे पुन्हा जातो, हे मी तिथे शिकले.)

पडताळणीच्या सकाळी वलगावहून टेम्पो आला. अठरा मुली, परीटघडीचे गणवेश, नव्या रिबिनी, ओठांवर दुसऱ्यांची नावं. पाऊण तासानं बाई आल्या, कापसाच्या पिकअपमध्ये पुढे बसून. मागे दहा मुली, केसांत कापसाचे तंतू. मुख्याध्यापकांनी त्यांना पाहिलं तोवर अधिकारी सभागृहात बसले होते. सडपातळ गृहस्थ, सर्दी झालेली, एका हातात रुमाल आणि दुसऱ्यात शाईची काडी. वर्गशिक्षिका म्हणून नावं मला पुकारायची होती.

पहिली काही नावं सरळ गेली. मग मी म्हणाले, "पूजा."

"हजर." दोन आवाज. एक घासूनपुसून लख्ख, दुसरा शेतातल्या धुळीनं बसलेला.

अधिकाऱ्यांनी रुमाल खाली घेतला. "दोन पूजा?"

"जुळ्या आहेत साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

"दुर्गा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"हजर." "हजर."

"ह्याही जुळ्या?"

"ते साल फार चांगलं होतं साहेब."

तिसऱ्या जोडीला मुलीच हसू लागल्या. पाचव्या जोडीला अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी बाई उभ्या होत्या. त्यांनी आधी परीटघडीच्या गणवेशांकडे पाहिलं, मग सरांकडे, मग माझ्याकडे. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. बाजारात चांगला समजून घेतलेला घोडा घरी येऊन लंगडावा, तसं त्यांनी पाहिलं.

"यातल्या शाळेच्या मुली कोणत्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं. सर कपाळ पुसत होते. भस्म सगळं रुमालाला लागलं होतं.

"साहेब," मागून बाईंचा आवाज आला, "पान्याची सुट्टी द्या."

"काय?"

"माहे वडील फौजेत होते. ते सांगत, कोनता घोडा पागेतला अन् कोनता उसना, हे कागद पाहून नाई समजत. सारे सोडून द्याचे. पागेतला पान्याकडे जाते. उसना उभा राहते, बाकीच्यायकडे पाहत. त्याले पानी कुठी हाये तेच माईत नसते."

अधिकाऱ्यांनी शिंक दिली, नाक पुसलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या सकाळचं पहिलं हसू आलं. "घंटा द्या," ते म्हणाले.

घंटा झाली. साठ मुली वळल्या आणि धावल्या. सभागृहाच्या मागचं दार, अरुंद बोळ, शेवग्याचं झाड आणि त्याखाली आमच्या शाळेचा एकुलता एक चालू नळ. उरलेल्या अठरा जागच्या जागी, एकमेकींच्या रिबिनींकडे पाहत. अधिकारी नळापाशी जाऊन उभे राहिले. पाणी पिऊन झालेल्या मुलीचं बोट धरायचं, शाई लावायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा. मी आणि बाई शेवग्याखाली होतो. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

मग कोणीच उरलं नाही. सर बोळाच्या पायरीवर बसले. मी शेवग्याच्या सालीवर हात टेकला. ती खरखरीत आणि ऊन होती. त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की आता आईला कोणत्या शब्दांत सांगायचं?

तेवढ्यात बोळातून पावलं वाजली. वलगावच्या मुलींतली सर्वांत लहान चणीची. पहाटेच टेम्पोत बसवलेली, तेव्हापासून उपाशी, तहानलेली. तिला हजेरीशी देणंघेणं नव्हतं. बाकीच्या ओल्या तोंडांनी परत येताना दिसल्या आणि तिला राहवलं नाही. ती नळाशी वाकली आणि जगातले सगळे नळ जसे फिरतात तसा तिनं तो फिरवला. आमचा नळ उलटा बसवलेला होता. ती जोर लावत होती आणि तो अधिकच घट्ट होत होता. तिची बोटं पांढरी पडली. पाण्याचा थेंब नाही.

अधिकाऱ्यांनी ते पाहिलं. मी पाहिलं. अधिकाऱ्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं, शाईची काडी हातात तशीच. तंगात बोट जात नाही म्हणून वरात थांबवणाऱ्या बाई. एक शब्द, आणि तो खरा शब्द, की मी घरी. बाई वर पाहत होत्या. शेवग्याला पांढरा मोहर आला होता. तो त्या फार लक्ष देऊन पाहत राहिल्या.

अधिकाऱ्यांनी मुलीचं बोट धरलं. "एकसष्ट."

निघताना त्यांनी सभागृहात उरलेल्या सतरा मुलींकडे बोट दाखवलं. "ह्या?"

"सहलीला आल्यात साहेब," सर म्हणाले.

"काय पाहायला?"

"इतिहास."

जीपमध्ये बसण्यापूर्वी ते बाईंपाशी थांबले. "मॅडम, त्या शेवटच्या मुलीला नळ उघडता आला नाही."

"शिकन," बाई म्हणाल्या. "शाळाच हाये ना हे."

सरांनी पेढे वाटले. बाईंनी घेतला नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, पण आभार मानू की माफी मागू, ते ठरेना. त्या तोबरा आवरत म्हणाल्या, "एका पायात दोन रिकिबी घालून कोनी बसते काय वं?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी रजा घेतलेली आजवर कोणी पाहिलेलीच नव्हती. सरांना रजेच्या अर्जाचा कोरा कागद सापडेना. चौथ्या सकाळी मोपेड फाटकातून आत आली. मागे ती नळावरची मुलगी, बाईंच्या कमरेला घट्ट धरून. तिचे वडील नांदगाव पेठेच्या कारखान्यात कामाला होते आणि रोज अमरावतीवरूनच जात. पोरीला सोडायला आणि न्यायला त्यांना पटवायला बाईंना दोन दिवस आणि वलगावच्या ओसरीवरचे सात-आठ चहा लागले होते.

बाईंनी सरांच्या टेबलावर तिचा दाखला ठेवला. "नाव घाला हिचं. आजच्या तारखेनं घाला. मागची नको."

"पण मॅडम, मग त्या दिवशीचं…"

"त्या दिवशीचं माह्या नावावर राहू द्या."

मग त्या तिला घेऊन मागच्या बोळात गेल्या. तास सुरू व्हायला वेळ होता, मीही गेले. शेवग्याची फुलं नळाभोवती सांडली होती. बाईंनी मुलीचा हात तोटीवर ठेवला, त्यावर आपला रुंद पंजा ठेवला आणि तोटी उलट्या बाजूला वळवली. पाणी आधी तापल्या पाइपातलं कोमट आलं, मग गार. मुलगी ओंजळीनं पीत राहिली. शाई लागलेलं बोट तिनं ओंजळीतून बाहेर, वर धरलं होतं. ते ओलं करायचं नसतं असं तिला कोणीतरी सांगितलेलं असावं.

"भिजू दे," बाई म्हणाल्या. "आता निघाली तरी चालते."